बाळंतिणीचे रक्त आणि देशांची प्रगती

बाळ रडले की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. धोक्याची वेळ मात्र तेव्हाच सुरू होते. वार पडल्यावर गर्भपिशवी आवळली गेली नाही, तर रक्त थांबत नाही आणि धडधाकट बाळंतीणही दोन-तीन तासांत दगावू शकते. जगातील मातामृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश मृत्यू अशा अतिरक्तस्रावाने होतात. उपाय मात्र जुने आणि स्वस्त आहेत.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरवली. त्यातले एक असे : २०३० पर्यंत दर एक लाख जिवंत जन्मांमागे जगातील मातामृत्यू ७०च्या खाली आणायचे. २०२३ मध्ये हे प्रमाण १९७ होते. म्हणजे त्या एका वर्षात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गेल्या. त्यांतल्या चौघींत एकीहून अधिक एकट्या नायजेरियातल्या होत्या. तिथले प्रमाण ९९३ होते.

हा गरिबीचा खेळ म्हणावा, तर नायजेरियाकडे तेल आहे. श्रीलंकेकडे तेही नाही. तरी तिने ७०ची रेघ केव्हाच ओलांडली. १९२६ मध्ये कळुतरा येथे पहिले आरोग्य केंद्र निघाले आणि प्रशिक्षित सरकारी सुईण घरोघर जाऊ लागली. मुली शिकल्या, दवाखान्यातले बाळंतपण मोफत राहिले. बाळंतीण दगावलीच, तर ती का दगावली याची चौकशी होते. ही चौकशी शिक्षेसाठी झाली, तर माणसे खरे लपवतात. चूक शोधण्यासाठी झाली, तरच कामाची.

उलट, आरोग्यावर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या अमेरिकेत हे प्रमाण २०१८ मधील १७.४ वरून कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, ३२.९ वर गेले. २०२३ मध्ये ते १८.६ पर्यंत उतरले, पण कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ते ५०च्या आसपासच होते. सरासरी बरेच काही झाकते. आपल्याकडेही २०१८-२० मध्ये देशाचे प्रमाण ९७, महाराष्ट्राचे ३३, तर आसामचे १९५ होते.

फरक पडतो तो उशिराने. दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरवण्यात एक उशीर, गाडी मिळण्यात दुसरा आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात तिसरा. पहिल्या दोहोंवर बरेच बोलले जाते. तिसरा दाराच्या आत घडतो, म्हणून बाहेर दिसत नाही. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते. वीज गेली, फ्रिज बंद पडला की औषध टोचले जाते, पण गुण येत नाही. रक्तपेढी दुसऱ्या गावी असते. आणि रक्त किती गेले, हे बहुतेक ठिकाणी नजरेच्या अंदाजानेच ठरते. हा अंदाज बहुधा कमीच निघतो, कारण बरेचसे रक्त कापडात मुरलेले असते.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानिया येथील ८० रुग्णालयांत एक साधी गोष्ट करून पाहिली गेली. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावायची आणि रक्त ठरावीक खुणेपर्यंत आले की मालिश, औषधे, सलाइन, तपासणी असे सगळे उपचार एकदमच सुरू करायचे. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : जिवावर बेतणारे परिणाम ६० टक्क्यांनी घटले होते. त्या रुग्णालयांत नवे यंत्र आले नव्हते, नवा तज्ज्ञही नव्हता. पिशवी लावली होती, आणि खुणेकडे कोणीतरी बघत होते.