आधी झिरो, मग कोरीवकाम

'सीएनसी कटिंग करून मिळेल' ही पाटी आता शहरातच काय, तालुक्याच्या गावीही दिसते. आत आठ बाय चारचा अख्खा एमडीएफ मशिनवर आडवा पडलेला असतो आणि त्यातून देवघराची जाळी, पलंगाची पाठ, दारावरची नक्षी निघत असते. त्याच जातीचं, कॉम्प्युटरच्या आज्ञेवर चालणारं छोटं मशीन घरच्या टेबलावर मावतं. नवशिक्याच्या हाती बहुतेकदा '3018' येतं. कोरण्याची जागा 30 बाय 18 सेंटिमीटर म्हणून हे नाव. उंचीला जेमतेम चार सेंटिमीटर. फार मोठं काही होणार नाही, पण दारावरची नावाची पाटी, कापडावर छापायचा ठोकळा, मोदकाचा साचा एवढं त्यात सहज बसतं.

असं मशीन घ्यायची इच्छा असलेली माणसं बहुधा कॉम्प्युटरच्या भागाला बिचकतात. माझं मत उलटं आहे. सॉफ्टवेअर सरावाने अंगवळणी पडतं. पाटी बिघडते ती त्याच्या आधीच्या, हाताने करायच्या कामांत: चौकट गुण्यात नसणं, फळी नीट न बांधणं आणि झिरो, म्हणजे मशीन जिथून माप मोजतं तो बिंदू, चुकणं. म्हणून नावाची एक साधी पाटी डोळ्यांपुढे ठेवून मी या कामांबद्दलच जास्त लिहिणार आहे.

मशीन सुट्या भागांत येतं. खोक्यातून अॅल्युमिनियमचे खाचेचे बार, गुळगुळीत सळया, आटे पाडलेले लांब रॉड म्हणजे लीड स्क्रू, तीन स्टेपर मोटर, एक कंट्रोल बोर्ड आणि भरपूर नट-बोल्ट निघतात. बोल्ट आधी सैलच ठेवायचे. कोपऱ्यांत गुण्या धरायचा, मग दाराच्या चौकटीला सुतार करतो तसे दोन्ही कर्ण मोजायचे आणि ते सारखे भरल्यावरच बोल्ट आवळायचे. वीज जोडण्याआधी प्रत्येक लीड स्क्रू या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी फिरवून पाहावा. मध्येच जड लागला तर सळया समांतर नाहीत. तिथे मोटर लावून जोर करण्यात अर्थ नाही, बोल्ट सैल करून पुन्हा बसवावं.

बोर्डावर 'जीआरबीएल' नावाचा प्रोग्रॅम असतो. सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्या माणसाने 2009 मध्ये तो अर्डुइनोसाठी लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार अचूक काढण्याच्या जॉन पार्सन्स यांच्या खटपटीतून एमआयटीमध्ये 1952 साली आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन उभं राहिलं, तेव्हा त्याच्या नियंत्रणाला व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेली कपाटं लागली होती. आज तेच काम तळहाताएवढा बोर्ड करतो. त्याला मिळणारी आज्ञा आजही साधी ओळच आहे: अमुक बिंदूपर्यंत, अमुक वेगाने, सरळ जा. या ओळींनाच जी-कोड म्हणतात.

मोटर एका फेऱ्यात 200 पावलं टाकते. बोर्ड प्रत्येक पावलाचे सोळा तुकडे करतो, म्हणजे 3200. स्क्रूच्या एका फेऱ्यात मशीन 4 मिलिमीटर सरकत असेल तर एका मिलिमीटरला 800 पावलं झाली. हा आकडा सेटिंगमध्ये दिलेला असतो, पण तो तपासावा. 100 मिलिमीटर सरकायला सांगावं आणि व्हर्नियरने मोजावं. 99.5 भरले तर 800 ला 100 ने गुणून 99.5 ने भागायचं. नवा आकडा 804 च्या आसपास येतो. तीनही दिशांना हे केलं की मशीनच्या मापावर विश्वास ठेवता येतो.

आता बेड. अॅल्युमिनियमच्या बेडवर एमडीएफचा एक बळीचा तुकडा स्क्रूने पक्का करायचा आणि मशीनकडूनच त्याचा वरचा पातळ थर सपाट काढून घ्यायचा. म्हणजे तो पृष्ठभाग मशीनच्या चालीला समांतर होतो. याची गरज पाटी कोरताना कळते. अक्षरं कोरायला टोकदार, व्ही आकाराचं बिट वापरतात. ते जितकं खोल जाईल तितकी रेघ रुंद. 90 अंशांच्या बिटाची खोली अर्ध्या मिलिमीटरने बदलली की रेघेची रुंदी एका मिलिमीटरने बदलते. फळी एका टोकाला तेवढी उचललेली असेल तर नावाचं पहिलं अक्षर जाड आणि शेवटचं हडकुळं दिसतं. फळी वरून-खालून रंधून सारख्या जाडीची करून घ्यावी ती यासाठीच. पावसाळ्यात एमडीएफ दमट हवेने फुगतो, तेव्हा दिवाळीच्या सुमारास बेड पुन्हा एकदा सपाट करून घेणं बरं.

छोटी पाटी क्लॅम्पने बांधली तर क्लॅम्पचे बोल्ट स्पिंडलच्या, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरच्या, वाटेत येतात. त्यापेक्षा सोपा उपाय असा: बेडवर मास्किंग टेप, फळीच्या पाठीवर मास्किंग टेप आणि दोन्ही टेपांच्या मध्ये फेव्हिक्विकचे थेंब. पकड चांगली बसते आणि काम झाल्यावर टेप सोलून निघते, लाकडाला डाग लागत नाही. फळीवरची धूळ आधी पुसली नसेल तर मात्र टेप धरत नाही.

आता अक्षरांकडे येतो. मराठी पाटी कोरणाऱ्याला इथे एक वेगळं काम करावं लागतं, इंग्रजीवाल्याला ते लागत नाही. कोरीवकामाच्या काही प्रोग्रॅममध्ये थेट मराठी टाइप केलं तर वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून नाव इंकस्केपमध्ये लिहावं. ते फुकट मिळतं आणि देवनागरी नीट मांडतं. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता किंवा बालू हे खुले फॉन्ट चांगले चालतात. समजा घराचं नाव 'निवारा' आहे. मजकुराचं पाथमध्ये रूपांतर करून आउटलाइन दाखवणारा व्ह्यू लावा. डोळ्यांना एकसंध वाटणारी शिरोरेखा खरं तर तुकड्यांची आहे, हे लगेच दिसतं. प्रत्येक अक्षर आपली रेघ स्वतःबरोबर आणतं आणि तिचं टोक शेजाऱ्याच्या रेघेत थोडं शिरलेलं असतं. कागदावर छापताना ते काळ्यावर काळं पडतं, म्हणून लपतं. मशीनला मात्र ते दोन वेगळे आकार वाटतात. ते दोघांच्याही कडा इमानाने कोरतं आणि शिरोरेखेवर प्रत्येक सांध्यापाशी उभी खाच उमटते. उपाय एवढाच: ग्रुप सोडवायचा, सगळी अक्षरं निवडायची आणि 'युनियन' करायचं. रेघ खरोखर एक होते, 'व'च्या पोटातली मोकळी जागा तशीच राहते. मग ती फाइल एसव्हीजीमध्ये ठेवून कोरीवकामाच्या प्रोग्रॅमला द्यावी.

अक्षराचा आकार ठरवताना बिटाचं माप ध्यानात ठेवावं. या छोट्या मशीनबरोबर येणाऱ्या बिटांची दांडी 3.175 मिलिमीटरची, म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत बरोबर एक सूत. तेवढ्याच जाडीच्या व्ही-बिटाने तीन मिलिमीटरपर्यंतची रेघ एका घळीत सुंदर उतरते: 60 अंशांचं बिट तिथे 2.6 मिलिमीटर खोल जातं, 90 अंशांचं दीड. अक्षर याहून ठसठशीत हवं असेल तर मधला भाग आधी सपाट बिटाने काढून कडा व्ही-बिटाने कराव्या लागतात. पहिल्या पाटीला त्या भानगडीत पडू नये. व्ही-बिटाची खरी करामत कोपऱ्यांत दिसते. गोल बिट आतल्या कोपऱ्यात स्वतःची गोलाई सोडून येतं. व्ही-बिट कोपऱ्याकडे जाताना हळूहळू वर उचललं जातं आणि पटाशीने काढल्यासारखा टोकदार कोपरा मागे ठेवतं.

मग झिरो. मशीनला फळी दिसत नाही. फळीचा कोपरा कुठे आणि पृष्ठभाग कुठे, हे आपण दाखवायचं असतं. डावा पुढचा कोपरा झिरो धरणं मी कधीही पसंत करेन, फळीचा मध्य नाही. कारण साधं आहे. बऱ्याच स्वस्त मशीनना लिमिट स्विच, म्हणजे टोक गाठल्याचं कळवणारी बटणं, नसतात. काम चालू असताना वीज गेली की मशीन आपण कुठे होतो ते विसरतं, आणि आपल्याकडे वीज जाणं काही नवं नाही. मध्यावर झिरो असेल तर तो बिंदू तोवर कोरून नाहीसा झालेला असतो. कोपरा जागेवर असतो, बिट पुन्हा तिथे नेता येतं.

उंचीचा झिरो कागदाने घेतात. स्पिंडल बंद ठेवून साधा कागद फळीवर ठेवायचा, एका हाताने तो हलकेच मागेपुढे सरकवत राहायचं आणि बिट आधी दशांश मिलिमीटरने, मग त्याहून बारीक टप्प्यांनी खाली आणायचं. कागद अडखळतो, ओढला तर येतो पण घासत येतो, तिथे थांबायचं. नेहमीच्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर, तेवढी वजा करायची. बिट बदललं की झिरो पुन्हा घ्यायचा, कारण नवं बिट कॉलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीत, तेवढंच बाहेर कधीच बसत नाही. आणि खरं काम सुरू करण्याआधी बिट पाच मिलिमीटर वर ठेवून हवेतच एकदा सगळी पाटी 'कोरून' पाहावी. नाव फळीत बसतं का, बिट कुठे क्लॅम्पवर जातं का, सगळं डोळ्यांसमोर येतं.

वेगाचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. दोन धारांचं बिट मिनिटाला 10,000 फेरे घेत असेल आणि मशीन 600 मिलिमीटर सरकत असेल, तर प्रत्येक धार 0.03 मिलिमीटरचा कपचा काढते. घाबरून वेग 100 वर आणला तर तो 0.005 होतो. तेव्हा धार कापत नाही, घासते. लाकूड काळं पडतं, करपल्याचा वास येतो आणि बिट बोथट होतं. नवशिक्यांची बिटं जोरापेक्षा अशा भीतीने जास्त खराब होतात, असं मला वाटतं. खोली मात्र बेताची ठेवावी, या हलक्या चौकटीला एका फेरीत एक मिलिमीटर पुरे. भुसा चिमटीत घेऊन पाहा: बारीक कपच्या लागल्या तर ठीक, पिठी लागली तर धार घासते आहे. कानही उघडे ठेवा. कर्कश किंचाळी म्हणजे घासणं, घुमणारा जड आवाज म्हणजे ओझं जास्त. या मोटरना आपलं पाऊल चुकल्याचं कळत नाही. एकदा बिट अडकून चार पावलं राहिली की पुढची सगळी अक्षरं तेवढीच सरकून येतात, आणि मशीन निवांत चालूच राहतं.

म्हणून चालू मशीन सोडून उठू नये, गॉगल लावल्याशिवाय जवळ जाऊ नये. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि तिच्यात चिकटवणारी रसायनं असतात. मास्क आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही हवेत. लॅपटॉपचं स्लीप मोड बंद करावं, नाहीतर काम अर्ध्यावर थांबतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मशीनखाली जाड रबर घालावं आणि दुपारची वेळ शेजाऱ्यांना द्यावी.

पुष्कळांना पहिल्याच आठवड्यात गणपतीची उठावाची मूर्ती कोरायची असते. तिचा हिशेब असा: 15 बाय 15 सेंटिमीटरची जागा, एक मिलिमीटरचं गोल टोकाचं बिट, दोन फेऱ्यांत 0.1 मिलिमीटर अंतर. म्हणजे 1500 फेऱ्या, प्रत्येक 15 सेंटिमीटरची. मिनिटाला 600 मिलिमीटरने सव्वासहा तास, आणि हे फक्त शेवटच्या सफाईचे. तेवढा वेळ झिरो, पकड आणि धार टिकवण्याचा सराव आधी पाटीवर करा. पॅकिंगच्या खोक्याच्या पाईनची फळी घ्या, घराचं नाव कोरा, पॉलिश पेपर मारून तेल लावा. सागवान त्यानंतर आणा.