वेगवान मोटार, अडखळती वॉरंटी

शोरूममध्ये वॉरंटी हा शब्द जितक्या मोठ्याने उच्चारला जातो, तितक्याच दबक्या आवाजात तो सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकू येतो. त्यातही मोटार टर्बो इंजिनाची, ताकदवान आणि तिचा मालक वेगाची हौस असलेला असेल, तर गिअरबॉक्स बिघडताच सर्व्हिस ॲडव्हायझरची नजर प्रथम मालकाकडे वळते. 'साहेब, गाडीत काही काम केलंय का?' हा प्रश्न वरवर साधा वाटतो. मात्र त्याच्या उत्तरावर कित्येकदा लाखो रुपयांचे बिल कोणी भरायचे, हे ठरते.

डीलर असे का वागतो, हे कळण्यासाठी वॉरंटीचा व्यवहार समजून घ्यायला हवा. वॉरंटी हे उत्पादक कंपनीने दिलेले वचन असते. डीलर ते प्रत्यक्षात उतरवणारा मध्यस्थ. दुरुस्ती तो करतो, सुटे भाग आणि मजुरी यांचा दावा कंपनीकडे पाठवतो आणि कंपनी आपल्या दराने त्याची भरपाई करते. कागदपत्रांत त्रुटी राहिली किंवा पुढे तपासणीत दावा अयोग्य ठरला, तर ती रक्कम डीलरच्या खात्यातून वळती होऊ शकते. साहजिकच, वादाचा वास येणारा दावा वर पाठवण्यापेक्षा ग्राहकाला तोंडी नकार देणे त्याला सोयीचे वाटते. असा नकार हा पुष्कळदा कंपनीचा निर्णय नसतोच. कंपनीपर्यंत प्रकरण पोहोचलेलेही नसते.

डीलरची शंका सर्वस्वी निराधार असते, असेही नाही. वेगाच्या शौकिनांमध्ये 'रीमॅप' ही गोष्ट आता नित्याची झाली आहे. इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकातील, म्हणजे ईसीयूतील आज्ञावली बदलून टर्बोचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ बदलली जाते. काही हजार रुपयांत मोटार लक्षणीय ताकदवान होते. पण क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो मात्र जुन्याच हिशेबाने बनवलेले राहतात. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी मूळ आज्ञावली परत बसवली की झाले, असा एक भाबडा समज आहे. अनेक ईसीयूंमध्ये आज्ञावली किती वेळा बदलली गेली, याची नोंद राहते. फोक्सवॅगन समूहाच्या मोटारींत असा फेरफार आढळल्यास कंपनीच्या प्रणालीत 'टीडी-१' अशी खूण पडते आणि मग त्या मोटारीचे इंजिन व गिअरबॉक्स यांविषयीचे दावे अडतात. लपवाछपवी उघडकीस आली की ग्राहकाच्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

तथापि, खरी गोम पुढेच आहे. फेरफार झाला म्हणून संपूर्ण मोटारीची वॉरंटी संपली, हा निष्कर्ष तर्काला धरून नाही. मोठ्या चाकांमुळे बेअरिंग किंवा सस्पेन्शनवर ताण आला, असे म्हणता येईल. काच वर-खाली करणारी मोटर त्यामुळे जळाली, असे म्हणता येणार नाही. बाहेरून बसवलेल्या एक्झॉस्टचा स्टिअरिंगच्या बिघाडाशी संबंध काय, हे नकार देणाऱ्याने सांगायला हवे. बदल आणि बिघाड यांच्यातील कार्यकारणसंबंध हाच या वादाचा कणा आहे.

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने याच तत्त्वाला आधार दिला. विशिष्ट कंपनीचाच सुटा भाग वापरला पाहिजे, अशी अट वॉरंटीला सरसकट जोडण्यास त्या कायद्याने मनाई केली. भारतात नेमका तसा कायदा नाही. मात्र २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्या आदेशात हाच विचार दिसतो. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये. सदोष कामामुळे जितके नुकसान झाले असेल, तितक्यापुरतीच ती नाकारता येईल, असे आयोगाने म्हटले. अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये तीन कंपन्यांच्या बाबतीत आयोगाचे निष्कर्ष कायम ठेवून दंड कमी केला आणि पुढे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हा आदेश बाहेरच्या दुरुस्तीविषयी होता, रीमॅपविषयी नव्हे. तरीही डीलरशी पत्रव्यवहार करताना त्यातील तत्त्व मांडता येते.

मोटारीत काहीही बदल न करताही वॉरंटीचा तंटा उद्भवतो, तो चालवण्याच्या पद्धतीवरून. निसान जीटी-आर ही मोटार २००८ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा उभ्या स्थितीतून झेप घेण्याची तिची क्षमता हाच कौतुकाचा विषय होता. ती झेप पुरेपूर साधण्यासाठी स्थिरता-नियंत्रण यंत्रणा बंद करावी लागे, आणि ती बंद असताना होणारे नुकसान वॉरंटीत बसणार नाही, असा इशारा पुस्तिकेत होता. काही मालकांचे गिअरबॉक्स निकामी झाले. नव्याची किंमत २० हजार डॉलरच्या घरात असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. पुढे कंपनीने आज्ञावली बदलली आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर झेप घेण्याची सोय केली. गुण म्हणून मिरवलेली क्षमता वापरताच दोष ग्राहकाचा कसा, हा तेव्हाचा प्रश्न आजही बिनतोड आहे. आपल्याकडील वॉरंटी पुस्तिकांतही शर्यत, रॅली किंवा स्पर्धा यांतील वापर सहसा वगळलेला असतो. चेन्नई वा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर मोटार नेण्यापूर्वी ते कलम शब्दशः वाचणे बरे. समाजमाध्यमांवर हौसेने टाकलेली छायाचित्रे उद्या समोरच्या पक्षाच्याही हाती लागू शकतात.

मग ग्राहकाने करायचे काय? सर्वप्रथम, सारे काही लेखी ठेवायचे. जॉब कार्डवर 'गाडी ओढत नाही' एवढ्यावर न भागवता कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला, इंजिन थंड की गरम असताना काय होते, हे किलोमीटरच्या आकड्यासह नोंदवून घ्यावे. ईसीयूतील दोष-संकेतांची छापील प्रत मागावी. इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी त्याच्या खर्चावर सही मागितली जाते. दोष वॉरंटीत बसल्यास हा खर्च ग्राहकावर येणार नाही, एवढे वाक्य त्याच कागदावर लिहून घ्यावे. दावा नाकारला तर कोणत्या कलमाखाली, कोणता बदल आणि त्यामुळे कोणता भाग कसा निकामी झाला, याचे लेखी उत्तर मागावे. तोंडी ठाम असणारे अनेकजण कागद पुढे येताच 'कंपनीला विचारून सांगतो' म्हणतात, आणि तिथेच प्रकरण योग्य ठिकाणी पोहोचते. स्वतंत्र तज्ज्ञाला दाखवता यावा यासाठी निकामी भाग जपून ठेवण्याची मागणीही लेखी हवी.

एवढ्याने भागले नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालील आयोग. मोटारीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यावर राष्ट्रीय आयोग. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथेही तक्रार दाखल करता येते. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. महागड्या मोटारी पुष्कळदा कंपनीच्या नावावर घेतल्या जातात आणि मग 'हा ग्राहकच नव्हे' असा बचाव होतो. संचालकांच्या वापरासाठी घेतलेल्या मोटारींच्या एका प्रकरणात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी हेतू सिद्ध करण्याचा भार विक्रेत्याच्या बाजूवर टाकला.

अपेक्षा मात्र बेतानेच ठेवलेली बरी. सदोष भाग दुरुस्त करणे वा बदलून देणे एवढीच वॉरंटीची हमी असेल, तर सरसकट नवी मोटार मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच स्पष्ट केले. गोव्यातील एका प्रकरणात २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक बाब अधोरेखित केली. कंपनी आणि डीलर यांच्यातील करार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधील असेल, तर डीलरच्या चुकीसाठी कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही. कंपनीची स्वतःची चूक तक्रारीत वेगळी मांडून सिद्ध करावी लागते. म्हणूनच तक्रारीत दोघांनाही प्रतिपक्ष करून, उत्पादनातील दोष कोणाचा आणि दावा अडवला कोणी, हे स्वतंत्र परिच्छेदांत लिहावे लागते.