मेमरी कार्डवर स्वॅप? जरा थांबा!

आपल्याकडे प्रोजेक्ट म्हटलं की रास्पबेरी पाय आलाच (हा पाय म्हणजे 'लेग' नव्हे!). पाय ३ ला रॅम फक्त १ जीबी. ओपनसीव्ही चालवून ती भरली की कोणीतरी सीनियर हमखास सांगतो, "अरे, २ जीबी स्वॅप दे ना!" प्रोजेक्ट चालतोसुद्धा. आणि नेमकं व्हायवाच्या आठवड्यात कार्ड रीडच होत नाही.

रॅम कमी पडली की कर्नल सध्या न लागणारी पेजेस, प्रत्येकी ४ केबीची, डिस्कवर नेऊन ठेवतो. हाच स्वॅप. हार्ड डिस्कवर त्याने सगळं स्लो होतं, एवढंच. फ्लॅशवर मात्र लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसायचं, आणि पुसायचा तो अख्खा ब्लॉक! आपल्या जर्नलसारखंच की. एका ओळीवर सरांनी काट मारली की पूर्ण शीट पुन्हा लिहा. त्यामुळे ४ केबीसाठी कार्ड आतल्या आत कितीतरी पट जास्त लिहीत बसतं.

पुसताना साधारण २० व्होल्ट लावून इलेक्ट्रॉन्स ऑक्साइडच्या पातळ थरातून बाहेर काढले जातात. दर वेळी हा थर थोडा खराब होतो, त्यात चार्ज अडकतो आणि शेवटी सेलमध्ये ० आहे की १ तेच कळेनासं होतं. सेलमध्ये एकच बिट ठेवणारी एसएलसी फ्लॅश साधारण १ लाख वेळा पुसलेलं सहन करते. तीन बिट्स कोंबणाऱ्या टीएलसीची मजल काही हजारांपर्यंतच.

आता हिशोब करू. कार्ड १६ जीबीचं, सेल १००० वेळा पुसता येतात असं धरू. कंट्रोलरने झीज सगळीकडे अगदी सारखी वाटली तरी एकूण लिहिता येणार १६ टीबी. स्वॅपमध्ये सेकंदाला १ एमबी सतत जात असेल, तर दिवसाला ८६ जीबी. म्हणजे कार्ड जेमतेम १८५ दिवसांचं सोबती! आतलं लिखाण दहापट झालं तर अठराच दिवस. तेच कार्ड कॅमेऱ्यात आठवड्याला एकदा भरलं तर १००० आठवडे, १९ वर्षं निघतील.

म्हणजे दोष स्वॅपच्या साइझचा नाही, ट्रॅफिकचा आहे. नुसता पडून असलेला स्वॅप काही बिघडवत नाही. माझं मत विचाराल तर आधी झेडरॅम लावा. तो पेजेस कॉम्प्रेस करून रॅममध्येच ठेवतो, कार्डला हात लावत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर स्वॅप यूएसबीच्या एसएसडीवर न्या. आणि आज लॅबमध्ये गेलात की 'व्हीएमस्टॅट १' टाइप करून 'एसओ' कॉलम बघा. तिथे आकडे सारखे पळत असतील, तर आधी डेटाची कॉपी काढा, बाकीचं मग.