पडलेल्या चित्रपटांतला पंचम

काचीगुडा, सुलतान बाजार, जांबाग, गौलीगुडा या भागांत तीन-चार पिढ्यांपासून राहणाऱ्या मराठी घरांत ध्वनिमुद्रिकांची एक चळत हमखास सापडते. आपल्याकडेही असेल. वरच्या बाजूला नाट्यपदे, अभंग, भीमसेनजी, गीतरामायण. हा वडिलांचा किंवा आजोबांचा संग्रह. त्याच्या खाली, बहुधा कव्हरे फाटलेली, धाकट्या काकांनी किंवा मोठ्या बहिणीने कॉलेजच्या दिवसांत आणलेली हिंदी चित्रपटांची तबकडी. तिच्यावरचे चित्रपटाचे नाव वाचून आपल्याला काहीच आठवत नाही आणि म्हणूनच घर आवरताना ती सर्वांत आधी रद्दीत जाते. त्या तबकडीवर संगीतकार म्हणून राहुलदेव बर्मन हे नाव असेल, तर थोडे थांबावे, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

पंचमची ठरलेली गोष्ट आपण सगळे जाणतो. जन्म २७ जून १९३९, सचिनदेव बर्मनांचा मुलगा. पहिला चित्रपट 'छोटे नवाब' (१९६१), पहिले मोठे यश 'तीसरी मंज़िल' (१९६६). मग सत्तरचे दशक त्याचे. 'सनम तेरी क़सम' आणि 'मासूम' यांसाठी लागोपाठ दोन वर्षे फिल्मफेअर पुरस्कार, आणि त्यानंतर एकाएकी उतार. निर्माते पाठ फिरवतात, १९८८ मध्ये हृदयविकार, ४ जानेवारी १९९४ रोजी वयाच्या ५४व्या वर्षी मृत्यू, आणि त्याच वर्षी प्रदर्शित झालेला '१९४२ : अ लव्ह स्टोरी' त्याला मरणोत्तर पुन्हा सिंहासनावर बसवतो. गोष्ट रंगतदार आहे, म्हणून ती टिकली. पण तिच्यात १९८४ ते १९९३ ही जवळजवळ दहा वर्षे एका वाक्यात उरकली जातात. 'त्या काळात पंचम संपला होता,' हे ते वाक्य. मीही ते अनेकदा बोललो आहे, आणि तेही ती गाणी न ऐकता.

असे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा 'ब्लॅक सबाथ' हा हार्ड रॉक वाद्यवृंद आपल्यापैकी अनेकांच्या मुलांना, आता नातवंडांना, ठाऊक असतो. त्यांचा मूळ गायक ऑझी ऑसबोर्न १९७९ मध्ये बाहेर पडला. पुढे टोनी मार्टिन नावाच्या गायकाबरोबर त्यांनी १९८७ ते १९९५ या काळात पाच अल्बम काढले. ते अल्बम 'खरे सबाथ' नव्हेत असे रसिकांनी ठरवून टाकले आणि त्यांतले बरेचसे पुढे वर्षानुवर्षे बाजारातही मिळेनासे झाले. पण ज्यांनी जुन्या प्रती जपल्या होत्या ते त्या ऐकत राहिले, एकमेकांना ऐकवत राहिले. अखेर २०२४ मध्ये त्यांतले चार अल्बम एका संचात नव्याने निघाले, आणि 'फॉरबिडन' या सर्वांत नावडत्या अल्बमचे मिश्रण गिटारवादक टोनी आयोमीने स्वतः नव्याने केले. तिथे अल्बम ही स्वतंत्र वस्तू असते, त्यामुळे निदान तिच्या नावाने भांडता तरी येते. आपल्याकडे तेवढीही सोय नव्हती.

कारण आपल्याकडे गाणे चित्रपटाला बांधलेले. कादंबरी खपली नाही तरी ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहते, कोणीतरी कधीतरी काढते. चित्रपट पडला की त्याचे गाणे सगळीकडूनच निघून जाई. चित्रगृहातून फलक उतरला की दुकानदार त्या चित्रपटाची तबकडी मागवणे बंद करी. तबकडी खपत नाही म्हणून ती लोकप्रियतेच्या यादीत येत नसे. 'बिनाका गीतमाला'चा क्रम रेकॉर्डविक्री आणि श्रोतासंघांच्या पसंतीवर ठरे, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. यादीत नाही म्हणून रेडिओवर कमी, रेडिओवर कमी म्हणून मागणी नाही. गाणे चांगले की वाईट हा प्रश्न या साखळीत कुठेच विचारला जात नाही.

त्यात ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. कॅसेट स्वस्त होती, गल्लोगल्ली मिळू लागली, ही तिची चांगली बाजू. पण त्याच कॅसेटवर 'झंकार बीट्स' नावाचा प्रकार आला. जुन्या गाण्यांवर वरून इलेक्ट्रॉनिक ढोलकीचा थर चढवायचा. ज्या संगीतकाराची निम्मी प्रतिभा तालवाद्यांच्या मांडणीत होती, त्याचीच गाणी अशी झाकली जावीत हे दुर्दैव. रिक्षात आणि पानटपरीवर वाजणाऱ्या त्या आवृत्त्यांवरून आपण पंचमविषयी मत बनवले असेल, तर ते मत दुसऱ्याच कोणाविषयी होते असे समजावे.

आता या विस्मृतीतून काय वर आले ते पाहू. गुलज़ारांचा 'लिबास' हा चित्रपट १९८८ मध्ये तयार झाला. शबाना आज़मी, नसीरुद्दीन शाह, राज बब्बर अशी मंडळी असूनही तो चित्रगृहांत कधी लागलाच नाही. लागलाच नाही म्हणजे पडण्याचीही संधी नाही! पण त्याची गाणी निघाली होती. अवघी चार, चारही गाण्यांत लताबाई, त्यांतले एक आपल्या कोल्हापूरच्या सुरेश वाडकरांबरोबरचे. न पाहिलेल्या चित्रपटाची ही गाणी लोकांनी एकमेकांना कॅसेट भरून दिली. चित्रपटाशिवाय हिंदी चित्रपटगीत जगू शकते याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. ती ऐकताना पडद्यावर कोण असेल याचा विचारही मनात येत नाही, आणि वाद्यमेळाकडे आपोआप लक्ष जाते. किती थोडी वाद्ये आहेत, आणि प्रत्येकाला किती जागा आहे!

'इजाज़त' (१९८७) आता सर्वांना माहीत आहे. चारही गाणी आशाबाईंची. गुलज़ारांना गीतलेखनाचा आणि आशाबाईंना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चाली बांधणाऱ्याला नाही. पंचमला राष्ट्रीय पुरस्कार कधीच मिळाला नाही. त्याच १९८७ साली 'दिल पडोसी है' हा गुलज़ार-पंचम-आशा यांचा दोन तबकड्यांचा, चौदा गाण्यांचा गैरफिल्मी संच निघाला. नायक नाही, नायिका नाही, प्रसंग नाही. तिघांनी आपल्या मर्जीने केलेले काम. तेव्हा तो फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. पंचमच्या चाहत्यांच्या बैठकीत आज पहिली मागणी पुष्कळदा याचीच असते. मला विचाराल तर त्याच्या पूर्वीच्या कोणत्याही गाजलेल्या चित्रपटापेक्षा हा संच मी आधी वाचवीन. ऐंशीच्या दशकात त्याने होसे फ्लोरेस या संगीतकाराबरोबर 'पँटेरा' हा लॅटिन-रॉक धाटणीचा इंग्रजी अल्बमही केला. तो मला अजून पुरता पचलेला नाही, पण 'संपलेला' माणूस असल्या भानगडीत पडत नाही एवढे नक्की.

मराठी वाचकांना आणखी एक नाव सांगायला हवे. 'सामना', 'सिंहासन'वाल्या जब्बार पटेलांनी 'मुसाफिर' नावाचा हिंदी चित्रपट केला होता. त्याचे संगीत पंचमचे. पटेलांच्या मराठी चित्रपटांवर आपण तासन्‌तास बोलतो, पण हे नाव आपल्या चर्चेत येत नाही. आणि आपण तर हैदराबादकर. जंध्यालांचा तेलुगू 'चिन्नि कृष्णुडु' (१९८८) आपल्या शेजाऱ्यांना आठवत असेल. वेटूरींची गीते, आशाबाई आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे आवाज, संगीत पंचमचे. हिंदीने ज्याला निवृत्त मानले होते, त्याच्याकडून याच सुमारास तेलुगूत इतके ताजे काम निघाले. आपल्या ओळखीच्या एखाद्या तेलुगू घरात विचारून पाहावे. ते गाणे तिथे बहुधा गुणगुणले जाईल, आणि 'राहुलदेव बर्मन? नक्को, कुछ भी मत बोलो' असे अस्सल दखनीत उत्तरही मिळेल.

ही गाणी परत ऐकायची तर कशी, हेही सांगतो. पंचमचे नाव निघाले की बाटलीत फुंकर, ग्लासवर चमचा, असे किस्से सुरू होतात. किस्से खरे आहेत, पण त्यांनी त्याचे नुकसानही केले. त्याला जादूगार ठरवले की त्याच्या शांत कामाकडे कान जात नाही. 'नमकीन' (१९८२) लावावा, आणि गायकाचा आवाज दुसऱ्यांदा ऐकताना मनातल्या मनात बाजूला ठेवून फक्त ताल ऐकावा. पंचमच्या तालविभागाचा कणा होते मारुतीराव कीर. त्यांच्या जोडीला अमृतराव काटकर. तबला, ढोलक, रेसोरेसो यांची अशी गुंफण की, सम कुठे आली ते पायाला कळते, डोक्याला नंतर. तिसऱ्या वेळी दोन अंतऱ्यांमधले संगीत ऐकावे. 'घर' (१९७८)पासून पुढच्या पुष्कळ गाण्यांत संतूर आहे ते उल्हास बापट यांचे. त्यांनी संतूर बाराही स्वरांत जुळवण्याची पद्धत अंगीकारली होती, त्यामुळे चाल कुठल्याही स्वरात वळली तरी वाद्य थांबत नसे. भराभर स्वर बदलणाऱ्या पंचमला असा वादक मिळाला हा योगच.

ही नावे आपल्याला कोठून कळली? कव्हरवरून नव्हे. त्या काळच्या चित्रपटांच्या तबकड्यांवर नट, गीतकार, संगीतकार असत, वादक क्वचितच. आज मोबाइलवर तीच गाणी मिळतात, तिथे तर कव्हरची मागची बाजूही नसते. ही माहिती चाहत्यांनी गोळा केली. पुण्यात 'पंचममॅजिक'ची मंडळी कित्येक वर्षे जून आणि जानेवारीच्या सुमारास, म्हणजे जन्मदिन आणि स्मृतिदिनाच्या निमित्ताने, कार्यक्रम करत आली. नुसती गाणी गाऊन न थांबता त्यांनी पंचमच्या वादकांना मंचावर बसवून कोणत्या गाण्यात काय वाजवले ते विचारले. पुढे ब्रह्मानंद सिंग यांचा 'पंचम अनमिक्स्ड' (२००८) हा माहितीपट आला, २०११ मध्ये अनिरुद्ध भट्टाचार्जी आणि बालाजी विठ्ठल यांचे इंग्रजी चरित्र आले आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे सारे वेळेत झाले हे किती महत्त्वाचे, ते तारखा पाहिल्या की कळते. सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग २०१० मध्ये गेले, कर्सी लॉर्ड २०१६ मध्ये, भानू गुप्ता आणि उल्हास बापट दोघेही २०१८ मध्ये. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर विचारायला कोणी उरले नसते.

चाहत्यांचे सगळेच मात्र मान्य करू नये. पंचमने तीनशेहून अधिक चित्रपट केले. ऐंशीच्या मध्यावर तो वर्षाला डझनावारी चित्रपट घेत होता, आणि त्यांतले बरेच काम सरळसरळ उरकलेले आहे. तीच लय, तोच गिटारचा तुकडा, शब्दही भरतीचे. चाहते त्यांतही सोने शोधतात, तेव्हा मला त्यांच्या प्रेमाचा आदर वाटतो, कानांचा नाही. माझा ठोकताळा असा : शब्द गुलज़ारांचे असतील तर तबकडी डोळे मिटून ठेवावी, एरवी ऐकून ठरवावे. यालाही अपवाद आहेत, आणि ते शोधण्यातच गंमत आहे. मुद्दा इतकाच की, 'सगळे वाईट' आणि 'सगळे थोर' ही दोन्ही मते न ऐकता बनवता येतात.

मी स्वतः काय केले ते सांगायला हवे. घर बदलताना 'दिल पडोसी है'ची जोडतबकडी मीच, जागा अडते म्हणून, रद्दीवाल्याच्या तागडीत टाकली. चांगली, न उघडल्यासारखी. काही वर्षांनी आबिड्सला रविवारी पदपथावर पुस्तके मांडतात तिथे एका ढिगात तोच संच दिसला. तो माझाच होता की दुसऱ्या कोणाचा, हे कळायला मार्ग नव्हता, कारण मी त्यावर नाव घातलेले नव्हते. किमतीवर घासाघीस न करता घेतला.

तेव्हा आपल्याकडच्या तबकड्या एकावर एक आडव्या रचलेल्या असतील तर त्या उभ्या कराव्यात. वजनाने वाकलेली तबकडी सुधारत नाही. माळ्यावर ठेवू नयेत, आपल्या उन्हाळ्यात तिथे भट्टी होते. बुरशी आली असेल तर मऊ, किंचित ओल्या कापडाने खाचांच्या दिशेने पुसावे, आडवे कधी नाही. कव्हर फाटलेले असले तरी टाकू नये. आणि त्या कव्हरच्या आत, पेन्सिलीने, ती कोणी आणली आणि साधारण कोणत्या साली, एवढे लिहून ठेवावे. काका अजून आहेत, बहीण अजून आहे, तोवर त्यांना विचारून घ्यावे.