देवळातील गायन सर्वांचे

कडोली व भोवतालच्या सीमाभागातील खेड्यांत भजन कसे चालते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. बुवा चरण म्हणतो, मंडळी तोच चरण उचलते, आणि टाळ-मृदंगाचा ठेका साऱ्यांना एकत्र बांधतो. गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा भेद तेथे उरत नाही. मग रविवारच्या पवित्र मिस्सेत आपलीच माणसे ओठ मिटून का उभी राहतात? प्रत्येक कुटुंबाने याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

पूर्वी मिस्सा लॅटिन भाषेत होई. तेव्हा पुष्कळ भाविक जपमाळ म्हणत बसत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जे शिक्षण दिले, त्यात सर्व भाविकांनी जाणतेपणाने उपासनेत भाग घ्यावा असे सांगितले आहे. लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा, असेही त्यात आहे.

ही दृष्टी आपल्याकडे जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. येथील लोकांच्या जिभेवर ओवी खेळते, हे ओळखून त्यांनी प्रभूची कथा ओवीतच रचली. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे ११,००० ओव्या आहेत.

संगीतात मोहही आहे. गीताच्या अर्थापेक्षा आवाजानेच आपले मन अधिक हेलावते, याची खंत संत ऑगस्टिनांनी आपल्या आत्मकथनात व्यक्त केली आहे. तरीही देवळातील गायन त्यांनी त्याज्य मानले नाही. आजचा मोह निराळा आहे. दर रविवारी नवी चाल, त्यावर ध्वनिवर्धकाचा गलका! ज्या आजीला अक्षरओळख नाही, ती अशा वेळी मुकी होते. तिचा सूर कापरा असेल. पण त्यात साऱ्या जन्माची प्रार्थना असते. ती थांबली, तर मंडळीचीच हानी होते.

यावर उपाय साधे आहेत. महिन्यास एकच नवे गीत घ्यावे, आणि मिस्सेपूर्वी पाच मिनिटे ते सर्वांकडून म्हणवून घ्यावे. गायकवृंदाने ओळ सुरू करून मंडळीस पुढे न्यावे. पेटीचा आवाज माणसांच्या आवाजाखाली ठेवावा. ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर काही काळ सर्व वाद्ये थांबवावीत, कारण मौन हादेखील उपासनेचाच भाग आहे. घरी सायंकाळच्या जपमाळेनंतर मुलांनी आजीआजोबांस येत्या रविवारचे गीत शिकवावे, आणि त्यांच्याकडून जुनी गीते शिकून घ्यावीत.

शेवटच्या भोजनानंतर प्रभू व त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असे संत मत्तय सांगतो. त्या शिष्यांत कोणी कसलेला गवई होता, असे शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही.