किरणांपेक्षा डब्याकडे बघा

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून एक चमत्कारिक संकेत मिळत होता. क्षणभराचा, पण थेट दूरच्या अवकाशातून आल्यासारखा भासणारा. खगोलशास्त्रज्ञांनी त्याला ‘पेरिटॉन’ असं नावही दिलं. हे संकेत यायचे मात्र दिवसाउजेडी आणि त्यातही जेवणाच्या सुमारास. अखेर २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छडा लावला. वेळ पूर्ण होण्याआधीच कुणीतरी तिथल्या मायक्रोवेव्हचं दार उघडत होतं. आतला लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन बंद पडायला सेकंदाचा जो अंश लागतो, तेवढ्यात निसटलेल्या लहरी दुर्बिणीनं टिपल्या होत्या.

मायक्रोवेव्हमधून बाहेर काही येतं का, याचं उत्तर या प्रसंगात आहे. येतं, पण फार थोडं. दूरच्या आकाशगंगांचे क्षीण संकेत ऐकण्यासाठी बांधलेल्या यंत्राला ते कळलं, एवढ्यावरून दार उघडणाऱ्याला इजा झाली असं होत नाही. तरीही आपल्याकडे बटण दाबून दुसऱ्या खोलीत जाणारी माणसं आहेत, गरोदर सुनेला स्वयंपाकघरातून बाहेर काढणाऱ्या सासवा आहेत आणि ‘सोव्हिएत रशियानं १९७६ मध्येच यावर बंदी घातली होती’ हा संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवणारे काकाही आहेत. त्या बंदीचा अधिकृत कागद काही कुणी दाखवलेला नाही.

या भीतीमागे ‘रेडिएशन’बद्दलचा समज आहे. प्रकाशही रेडिएशनच आहे. एक्स-रे किंवा किरणोत्सारी पदार्थांतून निघणाऱ्या किरणांत अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून ते पेशींमधल्या डीएनएला धोकादायक ठरतात. मायक्रोवेव्हच्या लहरींत ती ताकद नसते. घरातल्या यंत्राची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ असते, वायफायच्याच पट्ट्यातली. अन्नातल्या पाण्याचे रेणू या लहरींबरोबर सतत दिशा बदलू पाहतात, एकमेकांवर आदळतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. मॅग्नेट्रॉन बंद झाला की लहरी संपतात. अन्नात काही ‘उरत’ नाही, जसं दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश उरत नाही.

हे तंत्र आलं रडारमधून. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या मॅग्नेट्रॉनवर अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर काम करत होते. त्यांच्या खिशातली गोड वडी यंत्राजवळ विरघळली आणि त्यांनी १९४५ मध्ये पेटंटचा अर्ज केला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसेल असं यंत्र १९६७ मध्ये आलं. चारच वर्षांत, १९७१ पासून, अमेरिकेत गळतीची मर्यादा ठरली: यंत्राच्या संपूर्ण आयुष्यात, पाच सेंटीमीटर अंतरावर, दर चौरस सेंटीमीटरला जास्तीत जास्त पाच मिलिवॅट. अंतर वाढेल तशी ही गळती झपाट्यानं क्षीण होते. दारातली जाळी लहरींना अडवते आणि दार उघडताच लहरी बंद करणारे खटके आत असतात. म्हणून लक्ष द्यायचं ते दाराकडे. बिजागरी वाकली असेल, काच तडकली असेल, दार घट्ट बसत नसेल, तर यंत्र वापरू नये. एवढी काळजी पुरेशी आहे.

खरी चिंता भांड्याची.

मराठी स्वयंपाकघर स्टीलचं आहे. मांडणीवरचे डबे, वाट्या, पेले, पातेली सगळं स्टील, आणि मायक्रोवेव्हमध्ये तेच चालत नाही. धातू लहरी परतवतो. काट्याची टोकं, फॉइलच्या चुरगळलेल्या कडा किंवा कपबशीची सोनेरी किनार असेल तर ठिणग्या उडतात. मग आमटी गरम करायला हाताशी येतो तो हॉटेलच्या पार्सलचा पातळ डबा, नाहीतर आइस्क्रीमचा धुऊन ठेवलेला. मुळात थंड पदार्थासाठी किंवा एकदाच वापरण्यासाठी केलेलं हे प्लॅस्टिक. तेलाचा तवंग असलेली भाजी पाण्यापेक्षा किती तरी जास्त तापते आणि डब्याला तेलाच्या रेषेवर खरबरीत चट्टे पडतात. ते चट्टे म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक.

डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नये. अमेरिकेतल्या नेब्रास्का-लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये बाळांच्या खाण्यासाठी विकले जाणारे डबे आणि पिशवी तपासली. तीन मिनिटं तापवल्यावर काहींच्या एका चौरस सेंटीमीटरमधून ४० लाखांहून अधिक सूक्ष्म आणि २०० कोटींहून अधिक अतिसूक्ष्म प्लॅस्टिककण सुटले. या कणांचा शरीरावर नेमका किती परिणाम होतो याचा अभ्यास अजून चालू आहे. पण काचेचं भांडं सहज मिळत असताना, आणि तेही लहान मुलाच्या खाण्यासाठी, हा धोका पत्करायचा कशाला?

लग्नात आहेर म्हणून आलेले मेलामाइनचे डिनरसेटही मायक्रोवेव्हमध्ये घालू नयेत. ते चिनी मातीसारखे दिसतात, पण तापले की त्यातलं रसायन अन्नात उतरू शकतं. वडापाव किंवा भजी वर्तमानपत्राच्या कागदासकट आत ठेवणं तर दोन्ही बाजूंनी वाईट: कागद पेटू शकतो आणि छपाईची शाई तेलात उतरते. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केलेली आहे, तापवणं दूरच. आणखी एक घोळ ‘कन्व्हेक्शन’ यंत्रांत होतो. त्यात एकाच पेटीत दोन वेगळी कामं चालतात. केक भाजताना धातूचं भांडं चालतं, प्लॅस्टिक वितळतं. मायक्रोवेव्हवर मात्र धातू चालत नाही. बटण दाबण्याआधी कोणता मोड लावला आहे हे बघण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला हवी.

भांड्याखालोखाल काळजी घ्यायची ती भाताची. फोडणीचा भात आपला जिव्हाळ्याचा, पण रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात ‘बॅसिलस सेरियस’ नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. आणि उलट्या घडवणारं त्याचं एक विष असं, की पुन्हा कितीही गरम केलं तरी नष्ट होत नाही. मायक्रोवेव्हच काय, कढईतली चरचरीत फोडणीही तिथे उपयोगाची नाही. उरलेला भात पसरट भांड्यात काढून एक-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संपला पाहिजे.

बाकीचं शिळं अन्न तापवताना अडचण असते ती असमान उष्णतेची. लहरी भिंतींवर आपटून आतल्या आत ठरावीक जागी जोर धरतात, तर काही जागा थंड राहतात. म्हणून तर काचेची ताटली फिरते. शिवाय लहरी अन्नात जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर शिरतात. मधला भाग शेजारच्या उष्णतेनं सावकाश तापतो. वरून वाफाळणाऱ्या रश्श्यातलं चिकन आत गार लागतं ते यामुळे. झाकण सैल ठेवावं, मध्येच एकदा ढवळावं आणि थांबल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्यावं. उरलेलं अन्न मध्यभागीही ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं पाहिजे, असा जाणकारांचा दंडक आहे. बाळाच्या दुधाची बाटली याच कारणानं आत ठेवूच नये. बाहेरून कोमट लागणाऱ्या बाटलीतला एखादा घोट जीभ भाजणारा असू शकतो. तिच्यासाठी गरम पाण्याचं भांडं बरं.

साध्या पाण्यानंही माणसं भाजली आहेत. गुळगुळीत कपात बुडबुडे धरायला जागा मिळत नाही आणि पाणी उकळी न येताच शंभर अंशांच्या वर जातं. वरून शांत दिसतं. त्यात कॉफी किंवा साखर टाकली, की सगळं उसळून हातावर, चेहऱ्यावर येतं. तापवण्याआधीच कपात लाकडी चमचा ठेवावा आणि काढण्याआधी अर्धा-एक मिनिट थांबावं. अंडं तर सोललेलं, उकडलेलंही फुटतं, कधी चावल्यावर तोंडात. कुटासाठी शेंगदाणे भाजताना ते बाहेरून पांढरेच दिसतात आणि आतून करपतात, म्हणून दर मिनिटाला हलवायचे आणि यंत्रासमोरून हलायचं नाही. आत काही पेटलंच तर दार उघडू नये. हवा मिळाली की आग वाढते. बटण बंद करून प्लग काढावा आणि आग विझेपर्यंत दार लावलेलं ठेवावं.

यंत्र बिघडलं तर घरी मात्र कुणीही खोलू नये, विजेचं काम येणाऱ्यानंसुद्धा. मॅग्नेट्रॉनला दोन हजारांहून अधिक व्होल्ट लागतात आणि तो दाब धरून ठेवणारा आतला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जीवघेणा झटका देऊ शकतो.