एक्स्ट्रा आहे का?

नाट्यगृहावर ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड लागला की खिडकीपासून चार पावलांवर दुसरा बाजार भरतो. ऐन वेळी कुणाची आत्या आजारी पडलेली असते, कुणाचा मित्र लोकलमध्ये अडकलेला असतो. हातात उरलेलं तिकीट घेऊन तो माणूस अवघडून उभा असतो आणि समोरून कुणीतरी हळूच विचारतं, ‘‘एक्स्ट्रा आहे का?’’ छापील किमतीला व्यवहार होतो, सुट्ट्या पैशांवरून थोडी ओढाताण होते आणि मग तीन तास दोघं शेजारीशेजारी बसतात. ज्याच्या शेजारी बसायचं आहे, त्याला लुटायला कोण धजावेल?

मोठ्या कॉन्सर्टबाहेर हे शेजारपण टिकत नाही. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. त्यांची तिकीटविक्री 22 सप्टेंबर 2024 ला दुपारी बारा वाजता सुरू झाली तेव्हा सव्वा कोटीहून अधिक लोक बुकमायशोच्या रांगेत होते. तिकिटं होती अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची. काही तासांत तीच फेरविक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावानं झळकली. कलावंतानं दर मुद्दाम आवाक्यात ठेवला की मधला फरक चाहत्याच्या खिशात राहावा अशी अपेक्षा असते. राहतो तो दलालाच्या.

तरीही गेटवरचा भाव आणि संकेतस्थळावरचा भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो, कारण गेटवर घड्याळ चालू असतं. तिकीट म्हणजे संध्याकाळची मेथीची जुडी. दुपारी भाजीवाली हात लावू देत नाही, रात्री आठला ‘दोन घ्या, दहाला’ म्हणते. कार्यक्रम सुरू झाला की तिकिटाचा भाव उतरू लागतो, तो संपला की शून्य. म्हणून घासाघीस जिंकतो तो जवळ राहणारा. नेरुळचा माणूस पहिली दोन गाणी बाहेरूनच ऐकत थांबू शकतो, नाही जमलं तर चालत घरी जातो. कोल्हापूरहून रात्रभर बसनं आलेल्याला ते परवडत नाही, आणि त्याच्या पाठीवरची सॅक पाहून समोरच्याला ते बरोबर कळतं.

ब्लॅकवाला ओळखायचा कसा? तो दोन्ही बाजूंनी बोलतो. ‘‘टिकट चाहिए?’’ आणि पुढच्याच श्वासात, ‘‘बेचना है क्या?’’ ज्याच्याकडे खरंच एक जादा आहे, तो विकत घ्यायची भाषा करत नाही. शिवाय भाव सांगताना तो थोडा लाजतोही.

कागदी तिकीट एकदा हातातून गेलं की गेलं. निदान एकाच माणसाला विकलं जायचं. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट पाच जणांना विकता येतो. मशीनला पाचही खरेच वाटतात, पण आत सोडतं ते पहिल्याला. उरलेले चौघे गेटवरच्या पोराशी भांडतात. त्या बिचाऱ्याच्या हातात फक्त लाल दिवा असतो.

कायद्याचा आधार तोकडा आहे. कॉन्सर्टच्या तिकिटांच्या फेरविक्रीवरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये फेटाळली. हा विषय कायदेमंडळाचा, असं म्हणून. जपाननं 2018 मध्ये आणि आयर्लंडनं 2021 मध्ये छापील किमतीहून चढ्या दरानं विकण्याविरुद्ध कायदे केले. जर्मनीत बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरांच्या महोत्सवाबाहेर लोक ‘तिकीट हवं आहे’ अशी पाटी धरून उभे राहतात. आपल्याकडे पाटी धरायला संकोच वाटतो, म्हणून आपण कुजबुजतो.

मला विचाराल तर उत्तम तोड खुद्द कोल्डप्लेनंच काढली होती. त्यांची ‘इन्फिनिटी’ तिकिटं दोन हजारांना, जोडीनंच घ्यायची, दोन्ही जागा शेजारीशेजारी, पण कुठल्या ते आधी सांगायचं नाही. जागाच माहीत नाही तर दलाल बोली कशावर लावणार?

एवढ्यावरही गेटवर घ्यायचंच असेल, तर विकणारा स्वतः आत जाणार आहे का, हे आधी विचारा. जाणार असेल तर त्याच्याबरोबरच रांगेत उभे राहा आणि मशीनचा हिरवा दिवा लागल्यावर पैसे द्या. खऱ्या जादा तिकीटवाल्याची याला हरकत नसते. ‘‘मला आत जायचं नाही, पैसे आत्ताच टाका,’’ असं कुणी म्हणालं, तर सरळ स्टेशनची वाट धरा.